दुसऱ्याच्या घरची भेग

"काय गं, तुझी पुतणी भेगांवर पीएच.डी. करतेय म्हणे? हा काय विषय झाला?"

"अहो काकू, त्यावर एका माणसाने उभी हयात घातलीय. झ्देन्येक बाझांट. १९३७ चा जन्म, प्रागचे. घराणंच बांधकाम इंजिनिअरांचं. तरुणपणी पडल्यावर पाय मोडू नये म्हणून बर्फावरच्या स्कीची पट्टी शोधली, तिचं पेटंटही घेतलं. १९६९ पासून अमेरिकेत, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात."

"पट्टी राहू दे. भेगेचं सांग."

"लहान तुळई मोडून बघायची आणि तिच्यावरून मोठीचा हिशेब मांडायचा, ही जुनी रीत. १९८४ मध्ये त्यांनी त्याचा नियमच मांडला: माल तोच असला तरी तुळई जेवढी मोठी, तेवढी ती मानाने कमी ताणात तडकते. साठलेली ऊर्जा जास्त, भेग सुटली की सगळी तिच्याच टोकाशी धावते."

"खटलं मोठं तितकं लवकर फुटतं, तसंच!"

"तसंच म्हणा. आणि कॉम्प्युटरची वेगळीच तऱ्हा. तुळईचे चौकोन पाडून गणित करायचं, पण चौकोन बारीक केले की उत्तरच बदलायचं. १९८३ मध्ये बाझांट आणि ओह म्हणाले, भेग म्हणजे रेघ धरू नका, मोठ्या खडीच्या तिप्पट रुंदीचा पट्टा धरा, आणि भेग पाडायला लागणारी ऊर्जा तेवढीच ठेवा. उत्तर ताळ्यावर आलं."

"आणि पुलाचं काय ते? परवा अर्धवटच सांगितलंस."

"पलाऊचा पूल. १९७७ मध्ये झाला, मधला गाळा २४१ मीटर. काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं, त्याने मधोमध दीड मीटरहून जास्त खाली आला. डागडुजी झाली आणि तीनच महिन्यांत, १९९६ मध्ये, कोसळला. दोघं गेली."

"अगंबाई! कोणाची चूक?"

"कोर्टात तडजोड झाली न् कागद कुलपात गेले. मग बाझांटांनी जोर लावला. २००७ मध्ये आपल्या बंगळूरला जागतिक परिषद भरली होती, तिथे ठराव झाला की असली माहिती खुली करा. २००८ मध्ये कागद मिळाले. मग इतर देशांतले पूल धुंडाळले, तर असे वाकलेले डझनांनी निघाले."

"बघ! त्यांनी चौकशी केली की संशोधन, मी केली की भोचकपणा."

"त्यांनी आकडे मागितले होते, काकू."

"मीही आकडेच मागते. पुतणीला महिन्याला किती मिळतात गं?"