अजून किती लांब?

कार्टूनमधलं रॉकेट एका गाण्यात चंद्रावर पोचतं. गाणं लांबलं तर मंगळावर. आमची नात अशा प्रवासांत चांगलीच मुरलेली आहे, आणि तिच्या शेजारी बसून माझंही अंतराळशिक्षण चालू असतं.

जाणकार या सिनेमांवर नाक मुरडतात. हवाच नाही तर स्फोटाचा आवाज आला कुठून? लघुग्रहांच्या गर्दीतून यानाला वाट काढावी लागते, ती कशाला? खऱ्या पट्ट्यात दोन लघुग्रहांमध्ये सरासरी लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. खरंय. पण मुलांना या चुका दाखवाव्यात, ती खूश होतात. मोठी माणसं चुकली असं उघडपणे म्हणायची संधी त्यांना एरवी कुठे मिळते?

२००८च्या ‘फ्लाय मी टू द मून’मध्ये तीन माश्या अपोलो ११मधून चंद्रावर जातात. शेवटी साक्षात बझ ऑल्ड्रिन पडद्यावर येऊन सांगतात, की यानात माश्या नव्हत्या. एवढा वेळ माश्यांवर जीव लावलेल्या नातीने निवाडा दिला, “त्यांना दिसल्या नसतील.” चंद्रावर चालून आलेल्या माणसाची साक्ष आमच्या घरात अशी फेटाळली गेली.

त्याच वर्षीच्या ‘वॉल-ई’मधला चिमुकला रोबो आग विझवायचं नळकांडं धरून अंतराळात भिरभिरतो. फवारा मागे, स्वारी पुढे! न्यूटनचा तिसरा नियम मी छडी खाऊन शिकलो, तिला तो हसता हसता कळला. यानात पिढ्यान्‌पिढ्या राहून गोलमटोल झालेली माणसं पाहून तिने विचारलं, “खरे अंतराळवीर पण असे होतात?” नाही होत, कारण ते रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. न केल्यास हाडं महिन्याला टक्काभर तरी झिजतात. हे ऐकल्यावर अंतराळवीर व्हायचा तिचा बेत जरा डळमळला.

तेव्हा थापांबद्दल माझी तक्रार नाही. या सिनेमांना एकच गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे कंटाळा. आणि अंतराळ संशोधनात तोच पोत्याने असतो. चंद्रयान-३ निघालं १४ जुलै २०२३ला, उतरलं २३ ऑगस्टला. थेट जायला फार मोठं रॉकेट लागतं, म्हणून ते पृथ्वीभोवतीच्या फेऱ्या लांबवत लांबवत गेलं. न्यू होरायझन्स यानाला प्लूटो गाठायला साडेनऊ वर्षं लागली; निघाल्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर चौथीत गेलं. पोचल्यावर तिथे थांबायचीही सोय नव्हती, यान तसंच पुढे गेलं. कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट लागायच्या आत “अजून किती लांब?” विचारणाऱ्या मुलीला हे कसं सांगायचं? पडद्यावर अनंताच्याही पलीकडे झेपावणाऱ्या बझ लाइटइयर या कार्टूनमधल्या अंतराळवीराचा एक बाहुला २००८मध्ये खरोखरच अंतराळ स्थानकात गेला. तिथे त्याने वर्षाहून अधिक काळ पृथ्वीलाच प्रदक्षिणा घातल्या.

पण कार्टूनने लावलेली घाई वाया जात नसावी. १९५५ साली डिस्नेने अमेरिकेत टीव्हीवर ‘मॅन इन स्पेस’ दाखवला. त्यात धमाल चलत्‌चित्रं होती आणि रॉकेट समजावून सांगायला खुद्द रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन. तेव्हा माणसाने साधा उपग्रहही सोडला नव्हता. ते पाहणारं दहा वर्षांचं पोर १९६९मध्ये, अपोलो ११ चंद्रावर पोचलं तेव्हा, चोवीस वर्षांचं झालं असेल. चित्राने त्याला चुटकीसरशी वर नेलं. खऱ्या चंद्रापर्यंतची चौदा वर्षं कुणाकुणाला गणितं सोडवत काढावी लागली. पण आधी घाई झाल्याशिवाय एवढी गणितं सोडवायला बसतं कोण?

भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्यासाठी आपण २०४० साल ठरवलं आहे. हे सांगितल्यावर नातीने बोटांवर हिशेब केला आणि आपलं वय तेव्हा अगदी बरोबर असेल असं जाहीर केलं. व्यायाम मात्र २०३९पासून.