मूळ गाव कोणतं?

सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की बाकीचे पेढे मागतात, आप्पा बॅटरी मागतात. मग एक हात गुडघ्यावर टेकवून काचेच्या कोपऱ्यात, तिथे नसेल तर सीटखालची मॅट उचलून, चासी नंबर शोधतात. त्यात एकूण 17 अक्षरं-आकडे, पण आप्पांचं काम सुरुवातीलाच भागतं. जे निघाला तर जपान, डब्ल्यू निघाला तर जर्मनी. आमच्याकडे बहुतेक वेळा एम आणि त्याच्या शेजारी ए निघतो, म्हणजे भारत. आप्पा बॅटरी विझवतात, मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘‘असू दे. सांभाळून चालवा.’’ पेढा मात्र घेतात.

आप्पांचा सिद्धान्त असा, की कंपनी कुठलीही असो, गाडी कुठे जोडली यावर तिचं आयुष्य ठरतं. हा सिद्धान्त त्यांनी पुस्तकातून घेतलेला नाही. पिंपरीतल्या एका कारखान्यात, असेंब्लीच्या लाईनवर, त्यांची उभी हयात गेली. ‘‘चाकणला गाड्या कोण जोडतं, मला विचारा,’’ ते म्हणतात. ‘‘आपलीच पोरं! सहा बोल्टांपैकी चार आवळायचे, दोन देवाच्या भरवशावर. भोंगा झाला की बस पकडायची.’’ ते दोन बोल्ट कुणाच्या पाळीत राहायचे, हे विचारायची आमची छाती होत नाही.

गाडी बिघडली की निकाल ठरलेला. इथली बंद पडली तर जोडणी कच्ची. जपानहून आलेली बंद पडली तर आपलं पेट्रोल भेसळीचं, रस्ते भंगार, आणि ड्रायव्हर तर विचारूच नका.

त्यांना उत्तर देणारा एकच माणूस आहे, त्यांचा सख्खा भाचा. तो चाकणला दारं बसवतो. दर रविवारी पार्किंगमध्ये ही जुगलबंदी रंगते आणि आम्ही खुर्च्या आणून बसतो.

‘‘मामा, वेल्डिंग रोबो करतो. बोल्ट हवा तेवढा आवळला नाही तर लाईनच थांबते. माणसानं मनात आणलं तरी दोन बोल्ट सोडता येत नाहीत.’’

‘‘रोबो कुठला?’’

‘‘जर्मन.’’

‘‘मग मी काय वेगळं म्हणतोय?’’

भाचा वाचणारा आहे. एका रविवारी त्याने कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट काढलं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना इतका बदनाम होता, की 1982 मध्ये त्याला टाळं लागलं. कामगार दांड्या मारायचे, कामावर दारू प्यायचे. दोन वर्षांनी टोयोटाने जीएमशी भागी करून तोच कारखाना उघडला आणि बहुतेक जुनेच कामगार परत घेतले. थोड्याच काळात तिथून जपानच्या तोडीच्या गाड्या निघू लागल्या. देश तोच, माणसं तीच, बदलली ती फक्त कामाची रीत. कुणाला चूक दिसली तर त्याने दोरी ओढून लाईन थांबवायची, हे त्यातलं मुख्य.

आम्हाला वाटलं, आता आप्पा गारद. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘त्या लोकांना शिकायला जपानला नेलं होतं की नाही?’’

नेलं होतं. शेकडो जणांना नेलं होतं.

‘‘मग झालं तर! जपानचं पाणी लागलं त्यांना.’’

भाच्याने टाकाटा काढलं. कंपनी अस्सल जपानी, पण तिच्या एअरबॅगांपायी जगभरच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आप्पा म्हणाले, ‘‘तो माल मेक्सिकोत भरला.’’ यात थोडं तथ्य होतं, त्यामुळे त्या रविवारी भाचा चहा न घेताच गेला.

पुढच्या खेपेला तो तयारीने आला. मानेसरची बलेनो 2016 मध्ये जपानला गेली, गुजरातची फ्राँक्स 2024 मध्ये गेली. खुद्द जपानी माणूस भारतात जोडलेली गाडी विकत घेतो, आता बोला!

‘‘एक्स्पोर्टचा माल वेगळा. हापूस बघ, चांगला तेवढा दुबईला जातो.’’

‘‘मामा, लाईन एकच असते. आणि रांजणगावची जीप कंपास? तीही जपानला गेली.’’

‘‘रांजणगावचं सोड. तिथं महागणपती आहे.’’

आप्पांच्या संशयात तथ्याचा एक दाणा आहे, हेही सांगायला हवं. मॉडेल नवं, लाईन नवी, सुटे भाग देणारे नवे, अशी पहिली खेप जरा कुरकुरतेच. पण ती जर्मनीतही कुरकुरते. तिथे तिला ‘सुरुवातीच्या अडचणी’ म्हणायचं आणि चाकणला ‘आपली पोरं’ म्हणायचं, एवढाच आप्पांचा भेदभाव.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे 1984 ची मारुती 800. रोज पुसतात, गणपतीत हार घालतात.

‘‘ही गुडगावला जोडलेली ना, मामा?’’

‘‘जोडली गुडगावला. पण तेव्हा आतला माल जपानहून यायचा.’’

‘‘म्हणजे जोडणीला महत्त्व नाही, मालाला आहे?’’

आप्पांनी बॉनेटवरचा न दिसणारा डाग बराच वेळ पुसला. ‘‘तुझ्या आईला फोन केलास का आज?’’ त्यांनी विचारलं.

यंदा मामींनी निर्वाणीचा इशारा दिला आणि नवी गाडी घ्यायचं ठरलं. जपानहून आयात केलेली परवडण्यातली नव्हती. भाच्याच्या ओळखीने त्याच्याच कंपनीत सवलत मिळत होती. आप्पांनी त्याला बाजूला घेतलं.

‘‘हे बघ, सोमवारची नको, पोरं सुट्टीच्या झोपेत असतात. शनिवारची नको, घरी पळायच्या घाईत असतात. मधल्या वारातली, पहिल्या पाळीची बघ.’’

‘‘पहिल्या पाळीला मीच असतो, मामा.’’

आप्पांनी क्षणभर विचार केला.

‘‘मग दारं तेवढी दुसऱ्या पाळीत बसवून घे.’’