पाठभेदकाका

मध्ययुगीन मराठी वाङ्मय आणि चहा या दोन विषयांवर ज्यांचे मत ठाम असते आणि ते कोणाला विचारावे लागत नाही, अशा निवृत्त गृहस्थांना पाठभेदकाका म्हणावे. पुण्याच्या पेठांत त्यांची वस्ती दाट. तुरळक प्रमाणात ते ठाणे, डोंबिवली, नाशिक येथेही आढळतात. सकाळी अमृततुल्याचे बाक आणि संध्याकाळी ग्रंथालयाची पायरी ही त्यांची ठिकाणे. खांद्याला शबनम, तीत खाकी कव्हर घातलेला जाडजूड ग्रंथ आणि ग्रंथातली खूण प्रस्तावनेच्या शेवटच्या पानाशी, यावरून ते ओळखू येतात.

प्रस्तावना हा त्यांचा मुख्य आहार. जुन्या ग्रंथांच्या संपादकांनी प्रस्तावना इतक्या भरघोस लिहून ठेवल्या आहेत, की त्या पचवल्यावर संहितेसाठी पोटात जागा उरत नाही. कोणत्या पोथीत कोणते पान गहाळ आहे, कोणत्या लेखकूने कुठे वेलांटी चुकवली, हे काकांना तोंडपाठ असते. ओवीचा अर्थ विचारल्यास ‘तो भाग निराळा’ एवढेच उत्तर मिळते.

काकांची मुख्य घराणी दोन, आणि दोन्ही ज्ञानेश्वरीवरून पडलेली. ज्ञानेश्वरी 1290 सालची. एकनाथांनी 1584 मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये नाथांच्याही आधीची म्हणून एक वेगळी प्रत छापली. राजवाडेपंथी काका नाथांविषयी बोलू लागले, की नाथांनी कालच मुद्रिते तपासताना घोळ घातला असावा असे वाटते. नाथपंथी काका राजवाड्यांचे नाव निघताच बशी जरा जोरात खाली ठेवतात.

ज्ञानेश्वरीत कोणी पदरची ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाची ताकीद नाथांनी दिली आहे. अमृत हा शब्द दुकानाच्या पाटीवरही असल्याने दोन्ही घराणी हाच न्याय चहाला लावतात. पाणी, साखर, पत्ती, दूध ही मूळ संहिता. आल्याला जुन्या प्रतींचा आधार आहे. गवती चहा हा प्रादेशिक पाठ. चॉकलेट चहा ही निखळ करवंटी. वेलदोड्यावर मात्र एकमत नाही.

‘‘आलं राहू दे, वेलदोडा प्रक्षिप्त आहे,’’ असे एक काका रोज सकाळी बजावतात. पितळी पातेल्यामागे बसलेले मालक ‘‘बरं काका’’ म्हणतात आणि आले व वेलदोडा एकाच खलबत्त्यात एकत्र कुटतात. त्यानंतर पाठशुद्धी अशक्य होते. काका पहिला घोट घेऊन ‘‘आता कसा!’’ म्हणतात.

कालगणना हे या जातीचे दुखरे ठिकाण. काकांच्या आवडत्या कवींतले सर्वांत अलीकडचे मोरोपंत 1794 मध्ये वारले; आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो 1839 मध्ये. म्हणजे काकांना प्रिय असलेले सगळे वाङ्मय चहाविना निर्माण झाले. यावर एक पक्ष म्हणतो, म्हणूनच ते टिकले. दुसऱ्याचा हिशेब असा, की पंतांनी चहाशिवाय 108 रामायणे लिहिली, तर चहा मिळता तर दोनशेच्या अलीकडे थांबते ना. पंतांच्या निरोष्ठ रामायणाबद्दल मात्र दोन्ही पक्षांना सारखाच आदर आहे: त्यात प, फ, ब, भ, म नसल्यामुळे चहाने ओठ पोळले तरी म्हणता येईल असे तेवढेच काव्य.

काकांपासून इतरांना फारसा उपद्रव नसतो. वाद कितीही पेटला तरी तो दुसऱ्या कपापलीकडे जात नाही, कारण तिसऱ्याचे पैसे कोणी द्यायचे याबद्दल कोणत्याही पोथीत निर्वाळा सापडत नाही.

पावसाळ्यात क्वचित एक अपवाद घडतो. बाहेर सर आणि बाकावर दुसरे कोणी नाही, अशा वेळी काका नाइलाजाने ग्रंथातली खूण ओलांडून पुढे जातात. दोन-चार ओव्यांत त्यांचे बोट पाठभेदांची तळटीप सोडून वर सरकते आणि ओठ हलू लागतात. त्या वेळी चहावर साय धरते आणि वेलदोड्याची तक्रार येत नाही. पाऊस ओसरला, ओळखीचे कोणी येताना दिसले, की ग्रंथ मिटतो. खूण पुन्हा प्रस्तावनेत जाते.