बर्फातल्या बुटाला जाडा तांदूळ

डहाणूत स्वेटर विकत घेणारा माणूस एक तर बदली होऊन उत्तरेत निघालेला असतो, नाहीतर त्याच्या मुलीचं सासर नाशिकला असतं. बाकीच्यांचं जानेवारीतही पंखा एकवर ठेवून भागतं. अशा गावात माझा भाचा व्हँकुव्हरहून सुट्टीला आला तो स्कीइंगच्या बुटांचे दोन जोड घेऊन. एक त्याचा, एक माझा.

“मामा, फेब्रुवारीत आपण गुलमर्गला जातोय,” त्याने जाहीर केलं. “तिकडचे भाड्याचे बूट घालू नकोस. शेकडो पायांनी तुडवून आतून चपटे झालेले असतात.”

स्कीचा बूट ही दुमजली गोष्ट असते. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच आणि त्याला बकला, आत फोमचा जाडजूड मोजा. त्याला लायनर म्हणतात. हा फोम ईव्हीएचा, म्हणजे आपल्या स्लिपरांच्याच खानदानातला. तो साधारण 110 ते 120 अंशांपर्यंत तापवला की मऊ पडतो. मग त्यात पाय घालून गप उभं राहायचं. थंड होता होता तो तुमच्या पायाचा आकार उचलतो. परदेशात दुकानदार गरम हवेच्या यंत्रावर हे काम करून देतात.

आमच्या बाबतीत ते करणं भागच होतं. माझा पाय जन्मभर चपलेत वाढलेला. टाच निमुळती, पुढून ऐसपैस, आणि बोटं भावकीत वाटणी झाल्यासारखी एकमेकांपासून फटकून. भाच्याने आधी लायनर काढून नुसत्या कवचात माझा पाय घातला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहिलं. दीड-दोन सेंटिमीटर उरली पाहिजे. उरली. या बुटांचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, माझा साडेसत्तावीस. लांबीत पास झालो, पण लायनर घालताच करंगळीने रुंदीचा निकाल मोठ्याने वाचून दाखवला.

आता भट्टी शोधायची होती. घरच्या ओव्हनमध्ये फूटभर उंचीचा लायनर उभा राहीना. घोलवडच्या बाजूला चिकूच्या फोडी सुकवतात म्हणून तिकडे गेलो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा तिथली माणसं तापमानाची पक्की. “आमचं साठ अंशांच्या आसपास असतं,” ड्रायरवाले म्हणाले. “चिकू नि बूट एकत्र नको. नंतर गिऱ्हाइकाला वास आला तर काय सांगू?” मग बेकरी. इराणी शेठनी लायनर हातात घेऊन उलटासुलटा केला, दाबून पाहिला, नाकाला लावला. “बाबा, आमची भट्टी दोनशेच्या वर. पाच मिनिटात याचं खारी बिस्किट होईल. आणि मग ते खाणार कोण?” म्हणजे साठ अंश मिळत होते, दोनशे मिळत होते; मधले कुठेच नाहीत. कारखान्यांची भट्टी म्हणावी तर 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलाय, त्यामुळे मोठे उद्योग यायचे थांबले. त्याबद्दल मी सरकारचा ऋणीच आहे, चिकूच्या वाड्या टिकल्या. पण पायात लायनर अडकला की माणसाची पर्यावरणनिष्ठा जरा डळमळते. भाचा औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीकडे आशेने बघायला लागला. ते 500 मेगावॉटचं. तिथे ‘दोन लायनर तापवून मिळावेत’ असा अर्ज कोणत्या खात्याकडे करायचा, हे मला सुचेना.

शेवटी भाच्यानेच तोड काढली. “तांदूळ! सुती मोज्यात तांदूळ भरायचे, मायक्रोवेव्हमध्ये कढत करायचे आणि मोजा लायनरमध्ये खुपसायचा. तिकडे लोक घरी असंच करतात.” आमच्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता. तलासरीच्या मावशीकडे होता.

एसटीत पाय ठेवतो तोच कंडक्टरने बोट दाखवलं. “हे लगेज का?”

“नाही हो, पायात घालायचे बूट आहेत.”

“मग घाला की पायात.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी मुकाट्याने बूट चढवले. स्कीच्या बुटात घोटा वाकत नाही. माणूस पुढे झुकलेलाच उभा राहतो आणि चालतो ते टाचा आपटत. मला तसा येताना पाहून सबंध बस हळहळली. एका दादांनी उठून जागा दिली. “दोन्ही पाय?” त्यांनी भाच्याला हलक्या आवाजात विचारलं. भाच्याने गंभीरपणे मान डोलावली. आशागड मागे पडेपर्यंत मला दोन हाडवैद्यांचे पत्ते मिळाले. चारोटी नाक्यावर गाडी हायवेला लागली आणि पुढे विवळवेढ्याची महालक्ष्मी आली, तेव्हा शेजारच्या आजींनी माझ्या वतीने हात जोडले. “आईला बोल काहीतरी. चैत्राच्या जत्रेला चालत येशील.” मी खरोखरच नवस बोललो, करंगळीपुरता.

तलासरी म्हटलं की मला 1945 आठवतं. याच तालुक्यातल्या झरीत वारली जमले, वेठबिगारीला नाही म्हणाले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने जमीनदारांना घाम फोडला. ते सगळं अनवाणी. त्या मातीवर मी परदेशी बूट आपटत उतरलो.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

“अन्नाला पाय लावायचा?”

“मावशी, पाय नाही लावायचा. मोजा कोरा आहे, लेबलसकट.”

“मोजा तो मोजाच. आणि या डब्यात वाड्याचं कोलम आहे.”

भाच्याने तिला सांगितलं, की वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. याने मदत होईल असं त्याला का वाटलं कोण जाणे. मावशीने डबा फडताळात वर ठेवून दिला. बरीच बोलाचाली होऊन तह झाला: तांदूळ रेशनचा, जाडा, काम झालं की तो कोंबड्यांना, आणि मोजा पुन्हा तिच्या घरात दिसता कामा नये.

तांदूळ तापला, मोजा लायनरमध्ये गेला, घरभर भाजक्या तांदळाचा खमंग वास सुटला. दरम्यान भाच्याने एका जुन्या मोज्याचा शेंडा कापून माझ्या बोटांवर टोपीसारखा चढवला, म्हणजे पुढे बोटांना जागा राहते. त्यावर पातळ मोजा, त्यावर पाय सरकावा म्हणून भाजीची पिशवी. मग पाय आत, टाच मागे आपटायची, बकला हलक्या हाताने लावायच्या आणि बोटांखाली पाटाची कड घेऊन दहा मिनिटं पुतळा व्हायचं. पाट देवघरातला नाही, याची मावशीने दोनदा खात्री केली.

डावा पाय झाला. उजव्याचा तांदूळ फिरायला लागला आणि वीज गेली. डहाणूच्या केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. आम्ही चिमणी तेवढी बघतो. मी एका पायात बूट घालून ओसरीवर बसलो. शेजारची पोरं जमली, त्यांनी बकला उघडून-लावून पाहिल्या, एकाने कवचावर टकटक करून ‘आत माणूस आहे’ असा निर्वाळा दिला. वीज आली तेव्हा दिवेलागण झाली होती.

गुलमर्गला गोंडोलाच्या पायथ्याशी, शिकाऊंच्या उतारावर, मी मनसोक्त पडलो. अफरवटच्या शिखराकडे जाणाऱ्यांकडे खालूनच पाहिलं. पण पडताना स्की सुटली, टाच जागची हलली नाही, आणि करंगळीने तक्रारीचा सूर काढला नाही. भाड्याचे बूट घातलेली मंडळी दुपारच्या चहाला बुटांच्या बकला सोडून कण्हत बसली होती, त्यांत मी नव्हतो.

तेव्हा कुणाला जायचंच असेल तर आधी कवच पायाच्या मापाचं बघा. तापवल्याने लायनर बदलतो, बुटाची लांबी वाढत नाही. जवळपास यंत्र असलेलं दुकान असेल तर मुकाट्याने पैसे मोजा. नसेल तर मोजा सुती घ्या, तांदूळ रेशनचा घ्या, आणि कोलमचं नावसुद्धा काढू नका.