पार्किंग दाखवा, मग दूध विका

अमेरिकेतल्या काही शहरांना नुकताच शोध लागला आहे, की गल्लीच्या तोंडाशी दुकान असलं तर माणूस तिथे चालत जाऊ शकतो. त्यासाठी तिथे रीतसर नियम बदलले. आमचा वाणी हे लुंगीवर जाणत होता. बिचाऱ्याने आराखडा तेवढा सादर केला नाही.

दुकानं तिथेही होतीच. इमारतीचा कोपरा तिरका कापलेला, त्यात दार, वर मालकाचं बिऱ्हाड. मग १९१६ साली न्यूयॉर्कने शहराचे वापरानुसार विभाग पाडले, १९२६ साली ओहायोतलं युक्लिड गाव तशाच विभागणीवरचा खटला जिंकलं आणि घराला दुकानाचा विटाळ देशभर लागू झाला. जुनी दुकानं दयेवर चालू राहिली. शटर ठरावीक मुदतीपलीकडे खाली राहिलं की हक्क संपला.

तरीही उघडायचं? पार्किंग दाखवा. दर तीनशे चौरस फुटांमागे एक गाडी, हा तिथला नेहमीचा हिशेब. वळायच्या जागेसकट एक गाडी साधारण तेवढीच जागा खाते. म्हणजे दूध-पाव विकायला जेवढं दुकान, तेवढंच डांबराचं दुसरं दुकान शेजारी, ज्यात काहीही विकत नाहीत. जागा कुठून आणायची? शेजारचं घर पाडून. त्या घरात कोण राहायचं? गिऱ्हाईक. आता गिऱ्हाईक पाच मैलांवर राहायला गेलं, म्हणून ते गाडीने येतं. आणि ते गाडीने येतं म्हणून पार्किंग लागतं, हे नियमाने आधीच ओळखलं होतं! बफेलो शहराने २०१७ साली ही सक्तीच काढून टाकली, तेव्हा कुठे कुणालातरी चालणारा माणूस दिसला.

तिकडे भाच्याकडे गेलो होतो तेव्हा चहाचं दूध संपलं. "चालत आणतो," म्हटलं. भाचेसून माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मामा पोहत निघालेत. तिसऱ्या घरापाशी पदपथ संपला.

हसू नका. आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या वाण्याला आमच्याच सोसायटीच्या कमिटीने घालवलं. का, तर दुकानाने 'लुक' जातो! तीस वर्षं त्याच्या वहीवर जगलेली माणसं ही! महिनाअखेरीला त्याने कधी कुणाला पैसे मागितले नाहीत, आणि यांना त्याच्या कांद्याच्या पोत्याची लाज वाटली. आता लिंबूसुद्धा हेल्मेट घालून येतं, दिवसातून चाळीसदा.

परवा फाटकावर नोटीस लागली: डिलिव्हरीवाल्यांनी गाड्या आत आणू नयेत. पार्किंग फक्त सभासदांसाठी.