वुल्वरिन आलाच नाही हो!

अहो, कुठे बोलू नका, पण आपल्या संभाजीनगरच्या सिडकोतली पोरं बिघडली. मे महिना, पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, अख्खी गल्ली गच्चीवर झोपलेली, आणि हे दिवटे रात्री दीड वाजता मोबाइलच्या उजेडात तोंडं निळी करून बसलेले. आईला वाटलं, अभ्यास. वडिलांना भलतीच शंका आली. दोघांचंही चुकलं. पोरं सोनी कंपनीची वाट बघत होती.

गोष्ट २०२३ ची. सोनीने प्लेस्टेशनच्या नव्या गेम्सचा मोठा शोकेस २४ मे रोजी कॅलिफोर्नियात दुपारी एकला ठेवला. संभाजीनगरात तेव्हा मध्यरात्र उलटून दीड तास झालेला. आमच्या गल्लीतल्या चिरंजिवांनी आठ दिवस आधीपासून यादी केली होती: वुल्वरिनचा गेम येणार, 'द लास्ट ऑफ अस'चा मल्टिप्लेअर येणार. लग्नात मानपानाची यादीसुद्धा इतक्या आत्मविश्वासाने कोणी करत नाही.

आणि आलं काय? एक 'कॉनकॉर्ड', एक 'फेअरगेम्स', एक 'मॅरेथॉन'. तिन्ही लाइव्ह सर्व्हिसवाले. म्हणजे गेम संपतच नाही. तुम्ही खेळत राहायचं आणि कंपनीने तुम्हाला नवनवे अंगरखे विकत राहायचं. दुसऱ्या कंपन्यांचं बरंच काही होतं, 'मेटल गिअर सॉलिड ३' नव्याने येणार हेही कळलं. पण स्वतः सोनीच्या घरचं भरभक्कम म्हणावं तर शेवटी दाखवलेला 'स्पायडर-मॅन २' तेवढा. वरून एक आठ इंची पडदा असलेलं हातातलं यंत्र. ते स्वतः काही चालवणार नाही, घरातल्या प्लेस्टेशन फाइव्हवरचं, म्हणजे पीएस फाइव्हवरचं, चित्र वायफायने दाखवणार. चिरंजीव म्हणाले, "मामा, लुटलं ना राव!" मी म्हटलं, अरे, अजून कुणी एक रुपया तरी घेतलाय का तुझ्याकडून?

खरी आतली बातमी पुढे आहे. या चिरंजिवांकडे पीएस फाइव्ह नाहीच! हौ, नाहीच. आहे तो जुना पीएस फोर, तोही सेकंडहँड, आणि त्यावर जीटीए. पीएस फाइव्ह जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात पुढच्या फेब्रुवारीत, ४९,९९० रुपयांना. मग २०२२ मध्ये कंपनीने त्याचा भाव आणखी पाच हजारांनी वाढवला. एकेक नवा गेम चार-पाच हजारांचा. पण नाराज व्हायला पावती लागत नाही ना! ज्यांनी विकत घेतलं ते खेळून झोपी गेले. ज्यांनी घेतलं नाही ते पहाटेपर्यंत कंपनीच्या धोरणावर बोलत होते. नळाला पाणी तेव्हा कितीतरी दिवसांआड यायचं, त्याबद्दल या गल्लीत कुणी ब्र काढत नव्हतं. जायकवाडीहून नवी पाइपलाइन येणार हाही तेव्हा आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेला ट्रेलरच होता. पण वुल्वरिन दिसला नाही म्हणून सुतक.

बरं, हा रोग एकट्या आपल्या गावाचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ब्लिझर्ड कंपनीने आपल्या जत्रेत 'डायब्लो'चा नवा अवतार फक्त मोबाइलवर येणार म्हणून सांगितलं. सभागृह खवळलं. तेव्हा मंचावरच्या माणसाने बिचाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे फोन नाहीत का? झालं, तो जन्माचा चेष्टेचा विषय झाला. आता हाच प्रश्न आपल्या सिडकोतल्या कॅनॉटच्या कट्ट्यावर विचारा. दहाजणांच्या हातात दहा फोन, आणि दहाही पबजीवर वाढलेले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो गेम बंद केला तेव्हा इथल्या पोरांनी जे तोंड केलं होतं, त्यापुढे ब्लिझर्डवाल्यांचे चाहते म्हणजे अगदीच सोज्वळ.

आणखी एक गंमत ऐका. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी' नावाचा देखणा गेम केला. भारतीय मुलगी, भारतीय पुराणकथा, आपल्याच मातीतलं काम. तो २०२० मध्ये सगळ्यात आधी आला कुठे? निन्टेन्डो स्विचवर, जे यंत्र कंपनी भारतात अधिकृतपणे विकतसुद्धा नव्हती! यावर मात्र चिरंजीव शांत. घरचा गेम यादीत नसला तर त्याचा संताप येत नाही, हे मला जरा खटकतं. पण मी काय, जुना माणूस.

असो. 'कॉनकॉर्ड'चं पुढे काय झालं ते विचारा! २३ ऑगस्ट २०२४ ला आला. खेळायला माणसंच मिळेनात. ६ सप्टेंबरला सोनीने सर्व्हर बंद करून लोकांचे पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी! म्हणजे बाप्पा यायच्या आधीच विसर्जन आटोपलं. चिरंजिवांनी त्या रात्री गल्लीत असा विजयोत्सव केला की ढोलपथकवाल्यांनी विचारलं, मिरवणूक आजच आहे का?

मी विचारलं, "का रे, खेळला होतास का तो?"

"मामा! तसले गेम मी डाउनलोडसुद्धा करत नाही."

पीएस फोरवर तो येतच नव्हता, हे मी बोललो नाही. पोरगा खुशीत होता.