जेसीबीची कवळी

दाजींनी सारंगखेड्याच्या यात्रेत आजवर तीन घोडे पारखून घेतले. दात, भोवरे, गळ्याखालचं देवमण सगळं बघून. त्यामुळे जुना जेसीबी घ्यायचा ठरला (कंपनी कोणतीही असो, आमच्याकडे पिवळं ते सगळं जेसीबी), तेव्हा तपासणीसाठी मिस्त्रीला द्यायचे तीन हजार त्यांना पाण्यात गेलेले दिसत होते. त्यातून विकणारे शेठ फोनवर म्हणालेले, "आमचाच मिस्त्री फुकट तपासून देईल." ताईने फोन काढून घेतला. "नवरदेवाची चौकशी नवरदेवाच्या मामाकडे करतात का?"

सकाळी देवपुरातल्या एकवीरा देवीला हात जोडून निघालो. नगाव बारी, सोनगीर, नरडाणा. मिस्त्री मागच्या सीटवर गप्प. तापीच्या पुलावर एवढंच बोलले, "तिथे चहा घेऊ नका. चहा पोटात गेला की दोष दिसत नाही."

शिरपूरजवळच्या त्या वाड्यात आधी चहाच आला. मिस्त्रींनी कप बाजूला ठेवला आणि बोनेटवर तळहात टेकवला, ताप बघतात तसा.

"भाऊ, पंधरा दिन व्हयनात, चालूच करेल नही," शेठ म्हणाले.

"मंग हाई गरम काबर शे?"

शेठ उन्हाकडे बघू लागले. जेसीबी सावलीत होता. थंड इंजिन कसं उठतं यावर अर्धी परीक्षा असते, म्हणून त्याला आधीच उठवून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं.

दाजी मात्र थेट बकेटपुढे बसले आणि दात मोजले. "नवेकोरे आहेत!"

"कवळी आहे," मिस्त्री म्हणाले. "दात बोल्टवर बदलतात. हे बघा." पेडलवरचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं आणि मीटर सांगत होतं 3,800 तास. मिस्त्रींनी बूम उचलून इंजिन बंद केलं आणि आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो. बूम हळूहळू खाली यायला लागला, लग्नात पंगतीनंतर पेंगणाऱ्या आजोबांच्या मानेसारखा. सिलिंडरची सीलं गेलेली. बकेट हाताने हलवली तर पिन-बुश खुळखुळले. चासीवर ताजा रंग होता, तो नखाने खरवडला तर खाली वेल्डिंगची शिवण.

शेठ खचले नाहीत. "शिरपूर पॅटर्नच्या पहिल्या नाल्यापासून राबलंय हे!" भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी 2004 पासून या तालुक्यातले नाले खोल-रुंद करून त्यांवर बंधारे बांधले, हे खरंच. पण स्वातंत्र्यानंतर जसा जो तो बेचाळीसच्या चळवळीत होता, तसं इथलं प्रत्येक जुनं यंत्र त्या नाल्यात होतं. मिस्त्रींनी आरसी बुक मागितलं. जन्म 2014. शिवाय बँकेचा बोजा अजून तसाच. एनओसी "येईल उद्या".

दाजींनी शेवटचा उपाय म्हणून खांद्यावरचा रुमाल काढून शेठच्या हातावर टाकला. रुमालाखाली बोटं हलली. अठराचे अकरा लाख झाले, तसे दाजी विरघळायला लागले. मिस्त्रींनी रुमाल उचलून घडी घातली आणि दाजींच्या खांद्यावर परत ठेवला.

सोनगीरला ढाब्यावर शेवभाजी आली. दाजी मघापासून तीन हजारांचा हिशेब करत होते. त्यांनी ताट मिस्त्रींकडे सरकवलं. "आता हेही तपासा, पैसे दिलेत."

मिस्त्रींनी भाकरीचा तुकडा तर्रीत बुडवून उजेडाकडे धरला, खाल्ला, आणि थोडा वेळ डोळे मिटून बसले.

"इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ऑइल जास्त भरलंय."